शेवाळाचे तेल : एका तक्त्याची समीक्षा

समीक्षा कवितेची होते, कादंबरीची होते. तक्त्याची कोणी करत नाही. तक्ता दिसला की आपण तो खरा धरून पुढे जातो. गेली काही वर्षे मी एका तक्त्यापाशी अडलो आहे. तो जगभर हजारो वेळा उद्धृत झाला, कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत गेला, मंत्र्यांच्या भाषणांच्या टिपणांतही त्याचे आकडे शिरले. त्याने दिलेले वचन असे : पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालापासून, म्हणजे आपल्या साध्या भाषेत शेवाळापासून, इतके तेल मिळेल की शेतजमिनीला हात न लावता गाड्या चालतील, आणि हे इंधन पर्यावरणाला पेलवेलही. हे वचन कितपत टिकते, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

मी वैज्ञानिक नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंतचे, पुढचे वाचन रात्री दुकान बंद केल्यावर केलेले. त्यामुळे या लेखातले गणित गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचे नाही आणि वाचकांना ते कागद-पेन्सिल घेऊन तपासता येईल. त्यांनी ते तपासावे, अशी विनंती आहे.

तक्त्यातली ओळखीची ओळ

२००७ साली न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातले युसुफ चिस्ती यांचा सूक्ष्म शैवालापासून बायोडिझेल या विषयावरचा दीर्घ लेख ‘बायोटेक्नॉलॉजी अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. त्यात एक छोटा तक्ता आहे. कोणत्या पिकापासून दर हेक्टरी वर्षाला किती लिटर तेल मिळते, याचा. मका १७२, सोयाबीन ४४६, कनोला ११९०, जट्रोफा १८९२, नारळ २६८९, तेलताड ५९५०. आणि शेवटी सूक्ष्म शैवाल : पेशीत ३० टक्के तेल असेल तर ५८,७००, ७० टक्के असेल तर १,३६,९००.

तेलताडाच्या तेवीस पट. सोयाबीनच्या तीनशे पट. पुढच्या रकान्यात अमेरिकेच्या वाहतुकीची निम्मी गरज भागवायला त्या देशाची किती टक्के शेतजमीन लागेल तेही दिले आहे. मक्याला ८४६ टक्के, म्हणजे आहे त्याच्या आठपट शेतजमीन हवी. शैवालाला १.१ ते २.५ टक्के. हा तक्ता पाहून कोणाचेही डोळे दिपावेत.

माझे डोळे मात्र मधल्या एका ओळीवर थांबले : जट्रोफा, १८९२. जट्रोफा म्हणजे आपला मोगली एरंड. शेताच्या बांधावर कुंपणाला लावतात, शेळी त्याला तोंड लावत नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने देशभर १ कोटी १२ लाख हेक्टरांवर त्याची लागवड सुचवली होती. २००६ साली माझ्या थोरल्या बंधूंनी सांगोल्याकडच्या आमच्या दोन एकर माळावर ती रोपे लावली. एका कंपनीचा माणूस रोपे विकून गेला आणि बी आम्हीच विकत घेऊ असा कागदही देऊन गेला. पाणी नको, खत नको, राखण नको, असे त्याचे म्हणणे होते. तिसऱ्या वर्षी दीड पोते बी निघाले. तो माणूस परत आला नाही आणि कागदावरच्या पत्त्यावर कोणी सापडले नाही. दादांनी पुढच्या उन्हाळ्यात झाडे उपटून सरपणाला घातली.

तक्त्यातल्या दराने त्या दोन एकरांत वर्षाला दीड हजार लिटर तेल निघायला हवे होते. १८९२ लिटर तेल म्हणजे हेक्टरी सुमारे पाच टन बी. असे पीक चांगल्या जमिनीत, पाणी-खत देऊन, निवडक रोपांपासून कदाचित येईल. पण ज्या माळरानासाठी जट्रोफाची शिफारस झाली होती त्या माळरानाचा तो आकडा नव्हता. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले होते. ते वर्ष आले आणि गेले. बायोडिझेलचे मिश्रण एक टक्क्याच्या पुढे गेले नाही.

ज्या ओळीची मला प्रत्यक्ष माहिती होती ती ओळ फुगलेली निघाली. मग ज्या ओळीची माहिती नव्हती तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? या प्रश्नापासून माझे वाचन सुरू झाले.

रोझवेलची तळी

चिस्तींचा लेख येण्याआधी तीस वर्षे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला होता. १९७८ साली, तेलटंचाईच्या काळात, कोलोरॅडोतल्या गोल्डन या गावी असलेल्या सौरऊर्जा संशोधन संस्थेमार्फत ‘अ‍ॅक्वॅटिक स्पीशीज प्रोग्रॅम’ सुरू झाला. तो १९९६ मध्ये बंद झाला. अठरा वर्षांत सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. देशभरातून शैवालाचे तीन हजारांवर वाण गोळा केले. त्यांतले तीनशेच्या आसपास कामाचे ठरले.

१९९८ साली जॉन शीहान, टेरी डनहे, जॉन बेनेमन आणि पॉल रोसलर यांनी या कार्यक्रमाचा समारोपाचा अहवाल लिहिला. मला तो फार आवडतो. सरकारी अहवालांत अपयश लपवायची रीत असते. हे चौघे ते लपवत नाहीत, आणि तरीही आपल्या कामावरचे त्यांचे प्रेम ओळीओळीत दिसते. त्यातले तीन निष्कर्ष आपल्या विषयाच्या मुळाशी आहेत.

पहिला निष्कर्ष न्यू मेक्सिको राज्यातल्या रोझवेलचा. तिथे हजार चौरस मीटरची उघडी तळी बांधून शैवाल वाढवले. वर्षभरात काही दिवशी दर चौरस मीटरला ५० ग्रॅम कोरडे शैवाल मिळाले. वर्षाची सरासरी मात्र १० ग्रॅमच्या आसपास राहिली. वाळवंटी रात्रींची थंडी शैवालाला मानवेना.

दुसरा निष्कर्ष उपासमारीचा. शैवालाला नत्र कमी पडले की पेशी वाढायची थांबते आणि आत तेल साठवू लागते. शास्त्रज्ञांना वाटले, किल्ली सापडली. पण तेलाचे प्रमाण वाढले तरी वाढ मंदावल्यामुळे एकूण तेल वाढले नाही. टक्का वाढला, माल तेवढाच.

तिसरा निष्कर्ष आगंतुकांचा. प्रयोगशाळेत निवडलेला उत्तम वाण उघड्या तळ्यात सोडला की काही काळाने तिथलेच गावठी शैवाल त्याला हुसकावून लावते. अहवालाने शेवटी शहाणपणाने म्हटले की तळ्यात आपोआप टिकणाऱ्या स्थानिक वाणांपासूनच सुरुवात करावी. याचा अर्थ आपल्याला लोणारवरून समजतो. लोणार सरोवर वर्षानुवर्षे हिरवे राहिले ते स्पिरुलिनामुळे, आणि स्पिरुलिना तिथे एकटे नांदले कारण त्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात दुसऱ्यांचा निभाव लागत नाही. तिथेही २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून क्षार वाढले तसा मीठप्रिय सूक्ष्मजीवांनी कब्जा घेतला आणि सरोवर गुलाबी झाले. जिथे परिस्थिती इतकी टोकाची नाही अशा साध्या तळ्यात एकाच वाणाचे पीक राखणे म्हणजे उघड्या माळावर एकाच जातीचे गवत राखण्यासारखे आहे.

दोन ओळींचा भागाकार

आता तक्त्याकडे परत येऊ. १,३६,९०० ला ५८,७०० ने भागा. उत्तर २.३३. आता ७० ला ३० ने भागा. उत्तर तेच, २.३३.

याचा अर्थ उघड आहे. तक्ता करताना शैवालाची वाढ दोन्ही ओळींत सारखीच धरली आहे. बदलला आहे तो फक्त तेलाचा टक्का. पण ७० टक्के तेल असते ते उपाशी पेशीत, आणि भरघोस वाढ होते ती पोट भरलेल्या पेशीत. एकीचा टक्का आणि दुसरीची वाढ यांचा गुणाकार करून वरची ओळ तयार झाली आहे. गाय जास्त दूध देते आणि म्हशीच्या दुधाला फॅट जास्त, म्हणून गायीच्या लिटरला म्हशीच्या फॅटने गुणावे, तसा हा प्रकार आहे.

निदान ३० टक्क्यांची ओळ तरी टिकते का? ५८,७०० लिटर तेल म्हणजे सुमारे ५२ टन. ते ३० टक्के असेल तर कोरडे शैवाल १७२ टन. भागून पाहिले तर दर चौरस मीटरला दिवसाला ४७ ग्रॅम, वर्षाचे ३६५ दिवस. रोझवेलच्या तळ्याचा सर्वांत चांगला दिवस ५० ग्रॅमांचा होता. एखाद्या फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या हीच त्याची सरासरी म्हणून छापावी, असे काहीसे झाले आहे.

चिस्तींवर अन्याय नको. त्यांचा आकडा उघड्या तळ्यांचा नाही, पारदर्शक नळ्यांच्या बंद संयंत्रांचा आहे, आणि ते त्यांनी लेखात स्पष्ट लिहिले आहे. नळ्यांत वाढ जास्त होते, आगंतुक कमी शिरतात. पण त्या नळ्यांतून पाणी अहोरात्र पंपाने फिरवावे लागते, उन्हात तापले की थंड करावे लागते. हा खर्च तक्त्यात नाही, कारण तक्ता फक्त जमिनीचा आहे. पुढे ज्यांनी तो उचलला त्यांनी आजूबाजूचा लेख वाचला नाही. हा दोष उचलणाऱ्यांचा. तरी दोन ओळींच्या भागाकाराचा प्रश्न शिल्लक राहतोच.

२०१० साली वेयर आणि सहकाऱ्यांनी सूर्यप्रकाश आणि प्रकाशसंश्लेषण यांच्या नियमांवरून कमाल मर्यादा मोजली. सगळे काही आदर्श घडले तरच वर्षाला हेक्टरी ३,५४,००० लिटर. जगातल्या निवडक ठिकाणी प्रत्यक्षात साधण्याजोगी उत्तम स्थिती धरली तर ४०,७०० ते ५३,२०० लिटर. ही उत्तम स्थितीसुद्धा तक्त्याच्या खालच्या ओळीच्या आत आहे.

एका लिटरचा हिशेब

इथवर जमिनीचा हिशेब झाला. पण पर्यावरणाला एखादी गोष्ट पेलवते की नाही हे जमिनीवरून ठरत नाही. खत, पाणी आणि ऊर्जा यांचा जमाखर्च मांडावा लागतो. आपण एक लिटर तेल समोर ठेवू. ३० टक्के तेल धरले तर त्यासाठी सुमारे २.९ किलो कोरडे शैवाल लागेल. एक लिटर बायोडिझेलमध्ये साधारण ९.२ युनिट ऊर्जा असते. हे ‘युनिट’ म्हणजे आपल्या वीजबिलातलेच युनिट.

आधी खत. शैवालाच्या कोरड्या वजनात साडेसहा टक्के नत्र आणि सव्वा टक्क्याच्या आसपास स्फुरद असते. म्हणजे आपल्या लिटरमागे १९० ग्रॅम नत्र, युरियाच्या भाषेत ४२० ग्रॅम. ४५ किलोच्या एका गोणीत जेमतेम १०७ लिटर तेल. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. तेवढ्या नत्रामागे सव्वादोन ते अडीच युनिट ऊर्जा कारखान्यातच खर्च झालेली असते. लिटरची चौथाई संपली. स्फुरदाचा प्रश्न आणखी वेगळा. तो खाणीतून येतो, जगातल्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोच्या ताब्यात आहेत आणि आपला देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर आहे. तेलाचे परावलंबन सोडवायला निघायचे आणि स्फुरदाच्या परावलंबनात शिरायचे, असा हा सौदा आहे.

मग पाणी. उघड्या तळ्यात लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅमच्या आसपास शैवाल असते. २.९ किलो शैवाल हवे तर सुमारे ६ हजार लिटर पाण्यातून ते गाळून काढावे लागेल. हे पाणी परत तळ्यात सोडता येते, पण बाष्पीभवनाचे काय? आमच्या भागात उघड्या पाण्यावरून वर्षाला दोन मीटरपर्यंत पाणी उडून जाते. पावसाचे अर्धा मीटर वजा केले तर दीड मीटर. एका हेक्टरला दीड कोटी लिटर. तळ्याला दिवसाला १५ ग्रॅम वाढ धरली, जी रोझवेलपेक्षा बरी आहे, तर हेक्टरी साधारण १८ हजार ७०० लिटर तेल निघेल. म्हणजे एका लिटर तेलामागे ८०० लिटर पाणी हवेत.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नीती आयोगाच्या इथेनॉल आराखड्यात उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाण्याचा आकडा दिला आहे. त्या मानाने शेवाळ काटकसरीचेच म्हणायचे. समुद्राचे पाणी वापरावे असेही म्हणतात, आणि किनाऱ्यावर ते शक्य आहे; पण खाऱ्या तळ्यातूनही उडते ते गोडेच पाणी. मागे मीठ साचत जाते. मग गोडे पाणी घाला नाहीतर खारट पाणी सतत बदला.

आणि शेवटी वाळवण. माझ्या मते खरी मेख इथे आहे. शेवाळ गाळून, पिळून जो लगदा मिळतो त्यात ८० टक्के पाणी राहते. २.९ किलो कोरड्या मालाबरोबर ११.७ लिटर पाणी. एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट लागते. हा निसर्गाचा नियम आहे, त्यात कोणाची सवलत नाही. ११.७ लिटरला ७.४ युनिट. तेलात ऊर्जा ९.२. खताची अडीच धरली तर बेरीज ९.२ च्या पुढे गेली, आणि अजून आपण पंप सुरू केलेला नाही.

‘उन्हात वाळवा’ असे कोणीही म्हणेल. आम्हीही कुरडया-पापड उन्हातच वाळवतो. पण रोज टनावारी ओला लगदा पसरायला तळ्याइतकीच जागा लागेल आणि पावसाळ्याचे चार महिने तो सडेल. चोथ्यात ऊर्जा शिल्लक असते हे खरे. तो गोबरगॅससारखा कुजवला तर काही गॅस मिळतो आणि बरेचसे नत्रही परत मिळते. ओल्या लगद्यालाच प्रचंड दाबाखाली तापवून कच्चे तेल काढायची पद्धतही पुढे आली आहे, त्यात वाळवण टळते. हे उपाय खोटे नाहीत. पण त्यांनी तोटा भरून निघतो, नफा फारसा उरत नाही.

दुसऱ्यांनी मांडलेले हिशेब

माझ्या कागदावरच्या बेरजेवर कोणी विसंबू नये. २००९ साली फ्रान्समधल्या लार्दों आणि सहकाऱ्यांनी शैवाल-बायोडिझेलचा जन्मापासून ज्वलनापर्यंतचा जमाखर्च मांडला, तेव्हा त्यांनाही खत आणि वाळवण हीच दोन भोके सापडली. २०१० मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या क्लॅरेन्स आणि सहकाऱ्यांनी शैवालाची मका, कनोला आणि स्विचग्रास नावाचे गवत यांच्याशी तुलना केली. ऊर्जा, हरितगृह वायू आणि पाणी या तिन्हींत शैवाल हरले. जिंकले ते जमिनीच्या वापरात आणि जलप्रदूषण कमी करण्यात. उद्योगातून या अभ्यासावर टीका झाली की आकडे जुने आहेत. टीका अगदीच गैरलागू नव्हती. पण नवे आकडे कंपन्यांच्या कुलपात होते. गुपित राखायचे आणि ते माहीत नाही म्हणून दुसऱ्याला चूक ठरवायचे, हा युक्तिवाद मला पटत नाही.

२०१२ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने शैवाल-इंधनाच्या शाश्वततेवर सविस्तर अहवाल दिला. प्रश्न साधा होता : देशाच्या वाहतूक इंधनापैकी फक्त ५ टक्के, म्हणजे ३९ अब्ज लिटर, शैवालापासून करायचे तर काय लागेल? उत्तर : खते पुन्हा वापरली नाहीत तर ६० लाख ते दीड कोटी टन नत्र आणि १० ते २० लाख टन स्फुरद. देशाच्या एकूण नत्रवापराच्या ४४ ते १०७ टक्के. पाणी, लिटरमागे ३.१५ ते ३,६५० लिटर. गुंतवलेल्या एका युनिटमागे मिळणारी ऊर्जा ०.१३ ते ३.३३ युनिट. या आकड्यांच्या रुंदीतच खरी बातमी आहे. जिथे खालचे आणि वरचे टोक यांत हजारपट अंतर आहे तिथे विषय अजून अंदाजाचाच आहे, हे समजावे. समितीने दार बंद केले नाही. ही अडचण कायमची नाही, असेही ती म्हणाली. मात्र आजच्या पद्धतींनी एवढे उत्पादन करणे टिकाऊ ठरणार नाही, हे तिने नि:संदिग्धपणे सांगितले.

पैशाची वाट

हे सारे छापून येत असताना पैसा मात्र तक्त्याच्या वाटेने गेला. २००९ मध्ये एक्झॉनमोबिलने क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जीनॉमिक्सबरोबर ६० कोटी डॉलरपर्यंतचा कार्यक्रम जाहीर केला. २०१७ मध्ये एका वाणातले तेल २० टक्क्यांवरून ४० च्या वर नेल्याची घोषणा झाली, आणि त्या वेळी वाढही टिकली होती. हे काम चांगलेच होते. पुढच्या वर्षी उद्दिष्ट जाहीर झाले : २०२५ पर्यंत दिवसाला १० हजार पिंपे तेल काढण्याची क्षमता. अमेरिकेत दिवसाला सुमारे दोन कोटी पिंपे तेल जळते. म्हणजे दर दोन हजार पिंपांमागे एक. २०२३ मध्ये एक्झॉनने हात काढून घेतला.

सोलाझाइमची कथा आणखी बोलकी आहे. अमेरिकी नौदलाने २०१२ मध्ये हवाईजवळच्या कवायतीसाठी साडेचार लाख गॅलन जैवइंधन १ कोटी २० लाख डॉलरला घेतले. गॅलनला २६ डॉलरच्या पुढे. त्यातला शैवालाचा वाटा सोलाझाइमचा होता, बाकीचे वापरलेल्या खाद्यतेलापासूनचे. गंमत अशी की सोलाझाइमचे शैवाल ऊन पाहतच नव्हते. ते बंद टाक्यांत, अंधारात, साखरेवर पोसलेले होते. साखर उसाची वा मक्याची, म्हणजे शेतातलीच. ‘शेतजमिनीला हात न लावता’ हे मूळ वचनच गळून पडले, पण ‘शैवाल’ हा शब्द राहिला आणि शब्दाबरोबर तक्त्याची पुण्याई राहिली. ती कंपनी पुढे नाव बदलून खाद्यतेलाकडे वळली आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेने २०१२ मध्ये सूक्ष्म शैवालाच्या बायोडिझेलवर गाडी चालवून दाखवली. मिठागरांच्या कामातून आलेल्या संस्थेने खाऱ्या पाण्यावर हे करावे, हे योग्यच. पण गाडी चालणे हा प्रश्न कधीच नव्हता. शेंगदाणा तेलावरही इंजिन चालते. प्रश्न जमाखर्चाचा आहे.

उजनीचे पाणी

मग शेवाळ टाकून द्यायचे का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण माझ्या जिल्ह्यातच आहे.

उजनी धरणाच्या जलाशयात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणी आणि भीमेतून येते. त्यातले नत्र आणि स्फुरद पाण्यात साचते. उन्हाळ्यात भिगवणकडे गेलात तर रोहित पक्ष्यांच्या पायाखाली हिरवा तवंग दिसेल, वासही येईल. हेच पाणी खाली पंढरपूरपर्यंत जाते. म्हणजे ज्या खतासाठी शैवालाचा कारखाना युरियाची गोणी फोडणार, ते खत आम्ही फुकट, नको असताना, नदीत सोडत आहोत. शेवाळ तर वाढतेच आहे. फक्त चुकीच्या जागी.

कॅलिफोर्नियात बर्कलेचे विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकातच हे ओळखले होते. उथळ, सावकाश फिरत्या तळ्यांत शैवाल सांडपाण्यातले नत्र-स्फुरद शोषते आणि सांडपाणी कुजवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू पुरवते. पाणी स्वच्छ करणे हे मुख्य काम. निघालेले शैवाल कुजवून गॅस मिळाला तर तो वरकड. क्लॅरेन्स यांच्या अभ्यासातही सांडपाणी जोडले की शैवालाचा हिशेब सुधारतो.

पण इथेही आकडा मोजून घेऊ, नाहीतर आपणच नवा तक्ता तयार करू. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण ४ किलो नत्र जाते. त्यातला कण न् कण पकडला तरी लिटरमागे १९० ग्रॅम या हिशेबाने माणशी वर्षाला वीसेक लिटर तेल, आणि स्फुरद त्याहून आधी संपेल. मोटारसायकलची दोन टाक्या. याने देशाच्या गाड्या चालणार नाहीत. पण नदी स्वच्छ होईल, आणि निघालेला चोथा खत म्हणून शेतात जाऊ शकेल, त्यात कारखान्याचे पाणी मिसळलेले नसेल तर. माझ्या दृष्टीने शेवाळाचे खरे काम हे आहे. त्याला इंधन म्हणून विकले की ते हरते. सफाई कामगार म्हणून नेमले की त्याचा पगार निघतो.

विमाने आणि जहाजे बॅटरीवर सहज चालणार नाहीत, त्यांच्यासाठी कुठले तरी द्रव इंधन लागेल, हे मला मान्य आहे. त्यासाठी शैवालावरचे संशोधन चालू राहावे. रस्त्यावरच्या गाड्यांचे मात्र तसे नाही. महाराष्ट्रात चौरस मीटरवर वर्षाला १९०० युनिटांच्या आसपास ऊन पडते. तक्त्यातली सर्वांत वरची, न साधणारी ओळ खरी धरली तरी त्यातून तेलात १२५ युनिट येतात, आणि इंजिन त्यातले तिसरा हिस्साही चाकाला देत नाही. तेवढ्याच जागेतले सौर पॅनेल ३०० युनिट वीज देते आणि मोटार त्यातली बहुतेक चाकापर्यंत पोचवते. हे सांगताना माझ्या धंद्याचा पक्षपात असेल, पण गणितात तो नाही.

दादांच्या माळावर आता डाळिंब आहे. गेल्या वर्षी पुन्हा एक माणूस शेततळ्यात शैवाल लावण्याची योजना घेऊन गावात आला होता. त्याच्या पत्रकावर चिस्तींच्या तक्त्यातल्या दोन ओळी होत्या, खाली नाव नव्हते. दादांनी मला बोलावून घेतले. मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. हा आकडा एका दिवसाचा की वर्षाच्या सरासरीचा? युरिया किती गोण्या लागेल? आणि लगदा वाळवणार कशावर? त्याने उत्तरे विचारून सांगतो म्हटले. अजून सांगितलेली नाहीत. पण या वेळी गावात कोणी पैसे भरले नाहीत.